व्हायोलिनच्या खुंट्या कशा निवडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या खुंट्या घेण्याआधी सर्वांत आधी काय पाहावे?

ज्या छिद्रांत त्या बसणार आहेत, ती छिद्रे पाहावीत. व्हायोलिनच्या पारंपरिक खुंटीला ना आटे असतात, ना दातेरी चाक. निमुळता होत गेलेला लाकडी दांडा आणि तितकेच निमुळते छिद्र यांच्यातील घर्षणावरच तारेचा सगळा ताण पेललेला असतो. चारही तारांचा ताण मिळून साधारण २० ते २५ किलो वजनाइतका भरतो आणि त्यातला सात-आठ किलोंचा वाटा स्टीलच्या एकट्या ‘ई’ तारेचा असतो. हा भार धरून ठेवायचा आणि तरीही बोटांच्या जोराने सहज फिरायचे, अशी दुहेरी अपेक्षा आपण खुंटीकडून करतो. ती खुंटी आणि छिद्र यांच्या जोडीने पुरी होते. एकट्या खुंटीच्या लाकडाने किंवा नक्षीने होत नाही.

हे मी एक चूक करून शिकलो. शिकाऊ असताना बॉक्सवुडच्या चार देखण्या खुंट्या मी हौसेने आणल्या. माझ्या वाद्याची छिद्रे आधीच झिजून मोठी झालेली होती, हे पाहण्याचे सुचलेच नाही. खुंट्या थेट डोक्यापर्यंत आत गेल्या, टोके पलीकडून बोटाच्या पेराइतकी बाहेर आली आणि फिरवायला धरावे, तर डोके आणि पेगबॉक्स (खुंट्या बसतात ती मानेच्या टोकाची पोकळ पेटी) यांच्यामध्ये बोट शिरायलाही जागा उरली नाही.

खुंटी नीट बसली आहे, हे डोळ्यांनी ओळखता येते का?

येते, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एका तारेचा ताण उतरवून तिची खुंटी बाहेर काढावी आणि उजेडात धरावी. दांड्यावर दोन ठिकाणी चकचकीत पट्टे दिसतील, कारण खुंटी पेगबॉक्सच्या दोन्ही भिंतींना टेकून फिरते. दोन्ही पट्टे पूर्ण गोलाकार, भिंतीच्या जाडीइतके रुंद आणि सारख्याच चमकेचे असतील, तर बैठक उत्तम आहे. एकच पट्टा ठळक आणि दुसरा पुसट असेल, तर खुंटीचा आणि छिद्राचा उतार जुळत नाही. अशी खुंटी एकाच भिंतीवर भार टाकते आणि सुरात थांबण्याऐवजी डुगडुगते. पट्टा अखंड नसून तुकड्यातुकड्यांत असेल, तर दांडा किंवा छिद्र गोल राहिलेले नाही. फिरवताना मध्येच ‘टक्’ असा आवाज होऊन खुंटी पुढे उडी मारते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

दुसरी खूण तारेच्या भोकाची. ते भोक पेगबॉक्सच्या साधारण मध्यावर यायला हवे. वर्षानुवर्षांच्या झिजेने खुंटी आत सरकत जाते, तसे भोकही पलीकडच्या भिंतीकडे सरकते आणि शेवटी तार भिंतीवर घासू लागते. भोकाच्या कडा गोलसर घासलेल्या असाव्यात. त्या धारदार राहिल्या, तर तार नेमकी तिथेच तुटते आणि दोष मात्र तारेला दिला जातो.

एबनी, शिसव आणि बॉक्सवुड यांपैकी कोणते लाकूड चांगले?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. माझ्या मते त्याला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. तरीही तिन्ही लाकडांच्या स्वभावात खरा फरक आहे.

एबनी, म्हणजे काळे आबनूस, कठीण आणि जड असते आणि नीट वाळवलेली असेल, तर तिचा आकार दीर्घकाळ टिकतो. मात्र पेगबॉक्स मेपलचा असतो आणि मेपल एबनीपेक्षा मऊ. त्यामुळे झीज खुंटीपेक्षा छिद्राची अधिक होते. खुंटी बदलणे सोपे असते, पण मोठे झालेले छिद्र पूर्ववत करणे हे दुरुस्तीचे काम असते. म्हणूनच जुन्या आणि मोलाच्या वाद्यासाठी अनेक कारागीर बॉक्सवुड किंवा शिसव सुचवतात. बॉक्सवुड पिवळसर, बारीक पोताचे आणि घोटीव असते. त्याच्या खुंट्या बहुधा गडद तपकिरी रंगवून मिळतात. ते एबनीपेक्षा मऊ असल्याने छिद्रावर कमी अत्याचार करते, पण दमट हवेत अधिक हलते आणि तुलनेने लवकर झिजते. शिसव या दोहोंच्या मधली. तिच्यातील नैसर्गिक तेलकटपणामुळे ती पुष्कळदा गुळगुळीत फिरते, पण तिचे रंध्र मोठे असते आणि प्रत पाहून घ्यावी लागते.

रोज वाजवायच्या साध्या वाद्याला मी एबनी किंवा चांगली शिसव लावीन. शंभर वर्षे जुन्या वाद्याला बॉक्सवुड लावीन आणि दमट दिवसांत थोडा त्रास सोसेन. मात्र सफाईने बसवलेली साधी शिसवाची खुंटी घिसाडघाईने बसवलेल्या उंची एबनीपेक्षा केव्हाही सरस ठरते.

खुंटी अस्सल एबनीची आहे की रंगवलेली, हे कसे ओळखावे?

स्वस्त वाद्यांवरच्या खुंट्या पुष्कळदा फिक्या लाकडाच्या असतात आणि वरून काळा रंग दिलेला असतो. खुंटी काढून तिचे बारीक टोक आणि तारेच्या भोकाची आतली बाजू पाहावी. रंग तिथवर पोहोचलेला नसतो. ओलसर पांढरे फडके दांड्यावर घासल्यास त्यावर काळा डाग उमटतो. वर सांगितलेले चकचकीत पट्टे काळ्याऐवजी तपकिरी किंवा पिवळट दिसू लागले असतील, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. रंगाचा थर फिरताना आधी चिकटतो आणि नंतर पावडर होऊन सुटतो, त्यामुळे अशी खुंटी कितीही वंगणाचे मलम लावले तरी एकसारखी फिरत नाही.

१:३० असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

तो खुंटीचा उतार, म्हणजेच टेपर. ३० मिलिमीटर लांबीमागे दांड्याचा व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. आजच्या व्हायोलिनसाठी हा उतार सर्वमान्य आहे. जुन्या वाद्यांत याहून अधिक तीव्र उतार आढळतो आणि त्यात १:३०ची खुंटी तशीच घातली, तर ती एकाच भिंतीला टेकते.

जाडीचे म्हणाल, तर पूर्ण आकाराच्या व्हायोलिनमध्ये डोक्याकडच्या भिंतीपाशी खुंटीचा व्यास साधारण सात ते साडेसात मिलिमीटर असतो. लहान मुलांच्या अर्ध्या किंवा पाऊण आकाराच्या व्हायोलिनला याहून बारीक खुंट्या लागतात, आणि व्हायोलाच्या किंवा चेलोच्या खुंट्या व्हायोलिनला चालत नाहीत. नवी खुंटी मुद्दाम थोडी जाड आणि लांब बनवलेली असते, कारण ती वाद्याच्या मापाने तासून घ्यायची असते. ‘तासावी न लागणारी’ खुंटी असे कुणी म्हणाले, तर ती तुमच्या छिद्रात योगायोगानेच बसेल, असे समजावे.

खुंटीच्या डोक्याचे इतके आकार का असतात? त्याने काही फरक पडतो का?

सुरावर नाही, बोटांवर पडतो. हिल नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात डोक्याखाली एक कडे आणि माथ्यावर एक छोटा मणी असतो. स्विस नमुना साधा आणि बिनकड्याचा असतो. काही खुंट्यांचे डोके बदामी आकाराचे असते. डोके पुरेसे रुंद असावे, त्याच्या दोन्ही बाजू किंचित खोलगट असाव्यात आणि अंगठा व तर्जनी तिथे न घसरता टेकावीत. ज्यांची बोटे दुखतात किंवा पकड कमजोर आहे, त्यांनी रुंद डोक्याची खुंटी घ्यावी. अर्धा सेंटिमीटर रुंदी वाढली, तरी लागणारा जोर जाणवण्याइतका कमी होतो. कोरीव नक्षी असलेली डोकी सुंदर दिसतात, पण रोज सूर लावताना बोटांत रुततात.

माझी खुंटी सारखी घसरते. ती बदलावी का?

लगेच बदलू नये. बहुतेक वेळा दोष खुंटीचा नसून तार गुंडाळण्याचा असतो. तारेचे टोक भोकातून ओवल्यावर पहिला वेढा टोकावरून घ्यावा, म्हणजे ते धरले जाते. पुढचे वेढे एकाशेजारी एक घेत डोक्याकडच्या भिंतीपर्यंत न्यावेत. शेवटचा वेढा त्या भिंतीला हलकेच टेकला, की खुंटी बाहेर सरकत नाही. तोच भिंतीवर जोराने दाबला गेला, तर भिंत चिरण्याची भीती असते. वेढे एकमेकांवर चढलेले किंवा उलट्या दिशेला गेलेले असतील, तर उत्तम खुंटीही घसरेल.

तार नीट गुंडाळली आहे आणि तरीही खुंटी सरकते आहे, असे असेल तर सूर लावण्याची पद्धत तपासावी. खुंटी फिरवताना ती किंचित आत दाबायची असते, म्हणजे फिरवणे आणि दाबणे ही एकच हालचाल झाली पाहिजे. मात्र वैतागून जोरात ठोसू नये. निमुळता दांडा पाचरीसारखे काम करतो आणि पेगबॉक्सची भिंत लाकडाच्या रेषेत उभी चिरते. अशी चीर पुष्कळदा ‘ए’ तारेच्या खुंटीपाशी आढळते. ती भरून काढायला लागणारे कष्ट चार नव्या खुंट्या बसवण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

दमट हवेत खुंट्या अडकतात आणि कोरड्या हवेत सुटतात. चांगल्या खुंट्या घेतल्या, तर हे थांबेल का?

कमी होईल, थांबणार नाही. लाकूड ओलावा शोषून फुगते, पण सगळीकडे सारखे फुगत नाही. रेषेच्या दिशेने ते जवळजवळ वाढतच नाही, तर आडव्या दिशेने वाढते. त्यातही वाढवलयांच्या कडेने होणारी वाढ गाभ्यातून बाहेरच्या दिशेने होणाऱ्या वाढीपेक्षा साधारण दुप्पट असते. त्यामुळे गोल तासलेली खुंटी दमट दिवसांत सूक्ष्म प्रमाणात लंबगोल होते. पेगबॉक्सच्या भिंतीत रेषा लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून छिद्रही एका दिशेने बदलते आणि दुसऱ्या दिशेने तसेच राहते. एक लंबगोल दुसऱ्या लंबगोलात फिरू लागला, की तो कुठे अडकतो, कुठे सुटतो.

पुरेशी वर्षे वाळवलेल्या लाकडाची खुंटी कमी हलते, आणि खऱ्या गुणवत्तेचा एक मोठा भाग इथेच असतो, जरी तो दुकानातल्या काचेमागे दिसत नसला. बाकी काम हवेचे. वाद्य ठेवायच्या जागी सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील, असे पाहावे. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवला, तर खुंट्यांचा लहरीपणा त्या आकड्याबरोबर चालतो, हे काही आठवड्यांतच लक्षात येते.

खडू आणि साबण लावण्याची जुनी युक्ती योग्य आहे का?

तात्पुरती आहे. कोरडा साबण वंगणाचे काम करतो, खडू पकड देतो, आणि दोन्हींचे प्रमाण जमले तर खुंटी काही दिवस छान फिरते. पण साबण ओलावा धरतो आणि खडूची भुकटी छिद्र घासत राहते. त्याऐवजी पेग कंपाउंड म्हणून मिळणारी कांडी वापरावी. ती लिपस्टिकसारखी दिसते. चकचकीत पट्ट्यांवर तिचा पातळ थर द्यावा, खुंटी चार-सहा वेळा पूर्ण फिरवावी आणि जादा मलम पुसून टाकावे. एक कांडी सहसा अनेक वर्षे पुरते. तेल, मेण किंवा राळ खुंटीला कधीही लावू नये. तेल लाकडात मुरते आणि मग पकड परत येत नाही. राळ लावल्यास खुंटी झटके देत फिरते.

कोणतेही मलम चुकीच्या बैठकीवर उपाय नाही. दर आठवड्याला मलम लावावे लागत असेल, तर वाद्य कारागिराकडे न्यावे.

फाइन ट्यूनर असताना खुंट्यांवर खर्च कशाला?

टेलपीसवरचा (तारांची खालची टोके अडकवलेल्या पट्टीवरचा) फाइन ट्यूनर, म्हणजे बारीक सूर लावण्याचा छोटा स्क्रू, थोड्या अंतरापुरताच सूर हलवतो. नवी तार लावताना, हवामान बदलल्यावर किंवा गायकाच्या पट्टीनुसार सगळे वाद्य खाली-वर करताना काम खुंटीलाच करावे लागते.

अवघडपणा कुठे आहे, हे थोड्या हिशेबाने कळते. सात मिलिमीटर व्यासाच्या खुंटीचा एक पूर्ण फेरा सुमारे २२ मिलिमीटर तार ओढतो, म्हणजे एका अंशामागे ०.०६ मिलिमीटर. स्टीलची तार फार कमी ताणली जाते, त्यामुळे एवढ्याशा अंतरानेही ‘ई’चा सूर कानाला स्पष्ट कळेल इतका सरकतो. म्हणूनच स्टीलच्या ‘ई’साठी फाइन ट्यूनर जवळजवळ सर्वच वादक ठेवतात. आतड्याच्या किंवा कृत्रिम गाभ्याच्या तारा जास्त ताणल्या जातात, म्हणून त्यांना चांगल्या खुंट्यांवर थेट सूर लावणे सुखाचे होते. खुंट्या उत्तम असतील, तर बाकी तीन फाइन ट्यूनर काढून टाकता येतात आणि टेलपीसवरचे धातूचे वजनही कमी होते.

गिअर असलेल्या खुंट्या घ्याव्यात का?

या खुंट्या बाहेरून लाकडी खुंटीसारख्याच दिसतात, पण आत लहान दातेरी चाके असतात. विटनरच्या फाइनट्यून खुंटीचे प्रमाण ८.५:१ आहे, म्हणजे डोके साडेआठ वेळा फिरवल्यावर तार गुंडाळणारा भाग एकदा फिरतो. निलिंगच्या परफेक्शन खुंटीचे प्रमाण ४:१ आहे. वरच्या हिशेबाशी हे ताडून पाहिले, तर फायदा लगेच कळतो. शिवाय भिंतीत बसलेला भाग स्वतः फिरत नसल्याने छिद्र झिजत नाही, दमट-कोरड्या हवेचा त्रास जवळजवळ उरत नाही आणि फाइन ट्यूनरचीही गरज राहत नाही.

नवशिक्या मुलांसाठी, सांधेदुखी असलेल्यांसाठी आणि ज्यांचे वाद्य सतत वेगवेगळ्या हवामानात फिरते त्यांच्यासाठी मी त्या निःसंकोच सुचवतो. तोटेही सांगायला हवेत. तार बदलताना पुष्कळ फेरे फिरवावे लागतात, यंत्रणा बिघडली तर साध्या कारागिराला ती उघडून दुरुस्त करता येत नाही, आणि त्या बसवण्यासाठी छिद्र त्यांच्या मापाचे करावे लागते. पुढे पुन्हा लाकडी खुंटीकडे वळायचे ठरले, तर जाड खुंट्या किंवा बुशिंग (जुने छिद्र बुजवून नवे पाडणे) करावे लागू शकते. ऐतिहासिक मूल्याच्या वाद्यात त्या घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

छिद्र फार मोठे झाले असेल, तर जाड खुंटी घालून भागेल का?

काही काळ भागेल. पण खुंटी जितकी जाड, तितकी एका फेऱ्यात जास्त तार ओढली जाते आणि बारीक सूर लावणे तितकेच कठीण होते. शिवाय छिद्राभोवती भिंतीचे लाकूड कमी उरते. व्यास साडेआठ-नऊ मिलिमीटरकडे जाऊ लागला, की बुशिंग करून घ्यावे. त्यात जुने छिद्र लाकडाच्या डाटाने बुजवतात आणि त्यात नव्याने बारीक छिद्र पाडतात. चांगल्या बुशिंगनंतर जुन्या वाद्याला नव्या व्हायोलिनसारख्या सडपातळ खुंट्या मिळतात.

हे सगळे घरी करता येईल का?

मलम लावणे आणि तार नीट गुंडाळणे घरी जरूर करावे. खुंटी बसवण्यासाठी मात्र छिद्र घासणारा रीमर आणि खुंटी तासणारा शेपर लागतो, दोन्ही एकाच उताराचे. रीमरचा एक जादा फेरा छिद्रातून जे लाकूड काढतो, ते परत मिळत नाही. सँडपेपरने खुंटी घासून बसवण्याचा मोह तर आवरावाच. हाताने घासलेला दांडा गोल राहत नाही आणि वाळूचे कण छिद्रात रुतून बसतात.

शिसवाच्या खुंट्या असलेले वाद्य परदेशी नेताना अडचण येते का?

शिसवाच्या संपूर्ण डालबर्जिया वंशावर २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराचे (धोक्यातील वनस्पती व प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराचे) निर्बंध आले होते. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे सुटे भाग आणि उपसाधने त्यांतून वगळण्यात आली. ब्राझिलियन शिसव मात्र १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि तिला ही सवलत लागू नाही. खुंट्या त्या लाकडाच्या असतील, तर कागदपत्रांची चौकशी आधी करावी.

चारही खुंट्या एकदम बदलाव्यात का, आणि जुन्यांचे काय करावे?

एकच बिघडली असेल, तर एकच बदलता येते. पण रंग, नमुना आणि फिरण्याचा भाव जुळवणे अवघड जाते. चारही बदलायच्या असतील, तर त्या एका संचातल्या असाव्यात आणि टेलपीस व हनुवटीचा आधार यांच्या लाकडाशी मिळत्या असल्या, तर वाद्य नीटनेटके दिसते. घरी तारा काढताना मात्र एका वेळी एकच काढावी, नाहीतर ब्रिज (तारांना उचलून धरणारी घोडी) पडतो आणि कधी त्यामागोमाग आतला साउंडपोस्टही (पोटातली छोटी उभी काडी).

जुन्या खुंट्या टाकून देऊ नयेत. प्रत्येकीवर पेन्सिलीने जी, डी, ए, ई असे लिहून त्या कागदात गुंडाळून वाद्याच्या पेटीतच ठेवाव्यात, कारण पुढे कधी वाद्याचे मूल्यमापन करायची वेळ आली, तर मूळ खुंट्या सोबत असणे उपयोगी पडते आणि नव्या कारागिराला आधीचे उतार व माप त्यांच्यावरूनच कळते.